छिन्नमनस्कतेवरील औषधोपचार आणि देहभार : 2004 च्या सहमती-निवेदनाची समीक्षा

प्रास्ताविक :
मराठी घरांत 'तब्येत सुधारली' याचा अर्थ पुष्कळदा 'अंग भरले' असा घेतला जातो. छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनियाच्या उपचारांत हा अर्थ दिशाभूल करणारा ठरतो. रुग्ण शांत झोपू लागला, पोटभर जेवू लागला, की घरच्यांना हायसे वाटते आणि औषधामुळे वाढलेले वजनही बरे होण्याची खूण मानले जाते. फेब्रुवारी 2004 मध्ये अमेरिकेतील मधुमेह, मनोविकार, अंतःस्रावी ग्रंथी व स्थूलता या क्षेत्रांतील चार संघटनांनी याविषयी संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. मुंबई उपनगरांतील कुटुंबाच्या संदर्भात त्याचे मूल्यमापन करणे आवश्यक आहे.

विवेचन :
वजनवाढीचा दोष या निवेदनाने औषधांच्या गुणधर्मांत शोधला, ही त्याची मोठी कामगिरी होय. क्लोझापिन व ओलान्झापिन यांचा धोका सर्वाधिक, रिस्पेरिडोन व क्वेटियापिन यांचा मध्यम, तर अरिपिप्रॅझोलचा अल्प, अशी प्रतवारी त्यात आहे. उपचारारंभी, त्यानंतर 4, 8 व 12 आठवड्यांनी आणि पुढे दर तिमाहीस वजन घ्यावे. ते मूळ वजनाच्या 5 टक्के वाढल्यास औषध बदलण्याचा विचार व्हावा, असेही ते सुचविते. म्हणजे 60 किलोच्या रुग्णाबाबत 3 किलोंची वाढही दखलपात्र ठरते.

तथापि अमेरिकेत रूढ असलेला देहभार निर्देशांक 30 हा स्थूलतेचा निकष येथे अपुरा पडतो. 2009 मधील भारतीय सहमतीने ही मर्यादा 25 वर आणली. 165 सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीस ती सुमारे 68 किलोंवर स्थूल ठरविते. पहिल्या निकषाने तीच व्यक्ती सुमारे 82 किलोंपर्यंत स्थूल ठरत नाही. या 14 किलोंच्या अंतरात मधुमेह व हृदयविकार मूळ धरू शकतात.

दुसरी उणीव कुटुंबासंबंधी आहे. अंधेरी वा घाटकोपरच्या दोन खोल्यांत रुग्णाचे जेवण आणि गोळ्या बहुधा आई, बहीण किंवा पत्नीच्या हाती असतात. औषधाने चाळवलेली भूक तिला हावरटपणा वाटते आणि मंदावलेली हालचाल आळस वाटते. बोरिवली-मुलुंडकरांना राष्ट्रीय उद्यान जवळ आहे. परंतु इच्छाशक्ती खचणे हे या आजाराचेच लक्षण असल्याने 'फिरायला जा' एवढा उपदेश पुरत नाही. टोमणे असह्य झालेला रुग्ण गोळ्या सोडतो आणि आजार उलटतो.

निष्कर्ष :
निवेदनातील मोजमापांस कुटुंबाशी संवादाची जोड हवी. पहिल्याच चिठ्ठीवर वजन व कमरेचा घेर नोंदवावा, भुकेचे कारण घरच्यांना समजावून सांगावे आणि गरजेनुसार औषधबदल वा मेटफॉर्मिन यांचा निर्णय वैद्यकीय सल्ल्याने व्हावा. एकेकाळी उपनगरी रेल्वेच्या फलाटांवर नाणे टाकताच वजनाचे तिकीट मिळे. मोजमाप इतके सुलभ असताना ते न होणे, यामागे साधनांच्या अभावापेक्षा रुग्णाच्या देहाविषयीची अनास्थाच अधिक दिसते.