गीगोची शिडी

फ्रान्सच्या आग्नेय भागांत, ग्रनोब्ल शहराजवळच्या पर्वतांत, ग्राँद शार्त्रूज नांवाचा मठ आहे. संत ब्रूनोनें १०८४ सालीं त्याचा पाया घातला. तेथील मठवासी बहुतेक काळ आपापल्या खोलींत मौनानें घालवितात. या मठाचा नववा अधिपति दुसरा गीगो यानें बाराव्या शतकांत जेर्व्हास नांवाच्या बंधूस एक लहानसें लॅटिन पत्र लिहिलें. 'मठवासीयांची शिडी' या नांवानें तें प्रसिद्ध आहे. पुढें कित्येक शतकें तें कधीं ऑगस्टिनच्या, तर कधीं बर्नार्डच्या नांवावर चालत राहिलें. थोरांच्या नांवांत इतरांची कृति विरून जाते, हें आपल्या संतवाङ्मयाच्या अभ्यासकांस नवीन नाहीं.

हातानें कांहीं काम करीत असतां ही कल्पना आपणांस सुचली, असें गीगो सांगतो. शिडीला पायऱ्या चार : पठण, मनन, प्रार्थना व दर्शन. पठणानें घांस तोंडांत येतो, मननानें तो चावला जातो, प्रार्थनेनें त्याची चव लाभते, आणि दर्शन म्हणजे ती गोडीच. इतकें तर कोणतेंहि सारांशाचें पुस्तक सांगेल. पत्राचें खरें सामर्थ्य पुढच्या उदाहरणांत आहे.

मत्तयाच्या पांचव्या अध्यायांतील, शुद्ध अंतःकरणाच्या माणसांस देव दिसेल असें सांगणारें वचन गीगो घेतो. वचन किती लहान! द्राक्षाच्या एका मण्याएवढें. तो मणि तो दातांखालीं धरतो. येथें शरीराची नव्हे, अंतःकरणाची शुद्धि सांगितली आहे, हें प्रथम त्याच्या ध्यानांत येतें. मग स्तोत्रकर्ता आठवतो, ईयोब आठवतो. एका शब्दास दुसरा शब्द साक्ष देतो. पुढें 'देव दिसेल' या फलाचा विचार सुरू होतो, आणि येथेंच घोटाळा होतो. जितकें शोधावें तितकी तहान वाढते. गोडी आहे एवढें कळतें, पण ती हातीं येत नाहीं. स्वतःच्या बुद्धीनें तेथवर पोंचतां येत नाहीं असें पाहून तो माणूस खालीं बसतो आणि मागूं लागतो. प्रार्थना जन्मते ती येथें.

माझ्या मतें साऱ्या पत्राचा प्राण या एका वळणांत आहे. मनन यशस्वी झालें म्हणून नव्हे, तर तें थकलें म्हणून प्रार्थना येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं शास्त्रपठणाला प्रार्थनेची जोड द्यावी असा उपदेश केला, आणि त्यानंतर या चार पायऱ्यांवर मार्गदर्शक पुस्तकें पुष्कळ निघालीं. त्यांचा हेतु चांगला आहे. परंतु ज्यांत अमुक मिनिटें पठण व अमुक मिनिटें मनन असें वेळापत्रक घालून दिलेलें असतें, त्यांत तहानेस जागाच उरत नाहीं. तहान घड्याळाच्या ठोक्यावर लागत नसते.

मराठी वाचकास श्रवण, मनन व निदिध्यासन ही त्रयी आठवेल. साम्य खरें आहे, पण तें ताणूं नये. तेथें मननापुढें निदिध्यासन येतें. गीगोच्या शिडींत त्या दोहोंच्या मध्यें याचना उभी आहे. या बाबतींत तो वेदान्त्यांपेक्षां वारकऱ्यांस अधिक जवळचा वाटेल. मात्र एका ठिकाणीं त्याच्याशीं माझें जुळत नाहीं. ख्रिस्तेतर तत्त्ववेत्त्यांनींहि बुद्धीनें परमश्रेय ओळखलें, पण त्यांस कृपा लाभली नाहीं, असा निवाडा तो पौलाच्या आधारें देऊन मोकळा होतो. ज्यानें स्वतःच्या बुद्धीची मर्यादा इतक्या नम्रपणें मान्य केली, त्यानें दुसऱ्याच्या तहानेविषयीं एवढ्या खात्रीनें बोलावें, हें खटकतें.

शेवटीं शेवटीं तो शिडीवरून खालीं ओढणारीं चार कारणें सांगतो : अटळ गरज, एखाद्या सत्कर्माचा उपयोग, मानवी दुर्बलता व ऐहिक पोकळपणा. पहिलें क्षम्य, दुसरें सह्य, तिसरें कींव करण्याजोगें, चौथें मात्र दोषार्ह. निर्जन मठांतील या मौनी माणसानें अटळ गरजेस सर्वांत आधीं क्षमा करावी, याचें मला फार अप्रूप वाटतें. तान्हें मूल रडूं लागलें म्हणून हातांतलें शास्त्र मिटून उठणारी गृहिणी त्याच्या हिशेबांत पहिल्याच ओळींत बसते.