वक्तृत्वातील सादरीकरण आणि देहबोली : एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धांच्या गुणपत्रकात सर्वसाधारणपणे चार-पाच रकाने असतात. विषयप्रतिपादन, भाषाशैली, आवाज व उच्चार, हावभाव अथवा देहबोली आणि एकूण प्रभाव असा त्यांचा क्रम असतो. प्रस्तुत लेखाचा विषय यांपैकी हावभावांचा रकाना हा आहे. विचार आणि शब्द यांपासून हावभाव वेगळे काढून त्यांना स्वतंत्र गुण देता येतात काय, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटेल. परंतु मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून शहरात शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो न्यायाचा प्रश्न आहे. कारण हा रकाना भरणारे आपण अध्यापकच असतो, आणि तो भरताना आपण कोणत्या फूटपट्टीने मोजतो याचा विचार क्वचितच करतो.

ही फूटपट्टी बहुधा व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांतून आलेली असते. मराठीत गेल्या काही दशकांत अशा पुस्तकांचे अमाप पीक आले. त्यांतील बरीचशी इंग्रजी पुस्तकांची रूपांतरे आहेत. ताठ उभे राहावे, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहावे, तळवे उघडे ठेवावेत, हाताची घडी घालू नये, असे त्यांचे आदेश असतात. या आदेशांना शास्त्राचा आधार म्हणून एक आकडेवारी हमखास दिली जाते : संवादात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के.

आकडेवारीचा उगम

ही आकडेवारी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन शोधनिबंधांवरून आलेली आहे. त्या प्रयोगांत भाषण नव्हते, परिच्छेद नव्हता, पूर्ण वाक्यही नव्हते. सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून आणि चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, याचा अंदाज सहभागी व्यक्तींना करावयाचा होता. शब्द एक सांगतो आणि स्वर दुसरेच सुचवतो, अशा विसंगतीत माणूस कशावर विश्वास ठेवतो, एवढाच तो मर्यादित प्रश्न होता. भावना व आवडनिवड यांपलीकडच्या संवादाला हे समीकरण लागू नाही, असे मेहराबियन यांनी स्वतः स्पष्ट केले आहे. शिवाय ज्याला देहबोलीचे ५५ टक्के म्हटले जाते ते वस्तुतः चेहऱ्याचे आहेत. हातवाऱ्यांचा त्या प्रयोगांशी काहीच संबंध नव्हता. असे असूनही आपल्याकडील कार्यशाळांमध्ये हे समीकरण गुरुत्वाकर्षणाच्या नियमासारखे फळ्यावर लिहिले जाते.

त्याची चाचणी घेण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. प्राचार्य शिवाजीराव भोसले हे १९८८ ते १९९१ या काळात याच शहरातील विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांची व्याख्याने असंख्य मराठी घरांत ध्वनिफितींवरून ऐकली गेली. ध्वनिफितीत देह नसतो. आकडेवारी खरी मानली तर त्या श्रोत्यांचे निम्म्याहून अधिक व्याख्यान बुडाले असे म्हणावे लागेल. प्रत्यक्षात आखूड, तोलून धरलेली वाक्ये, दोन वाक्यांमध्ये श्रोत्याला दिलेली उसंत आणि कल्पनेची क्रमाने होणारी उकल यांतून ती व्याख्याने उभी राहतात. गाडगेबाबांनी १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे केलेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यांचा फुटका मडक्याचा तुकडा, खराटा, चिंध्यांचा वेष यांपैकी काहीही त्यात दिसत नाही, तरीही श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेण्याची त्यांची रीत आजही पकड घेते. अर्थात गाडगेबाबांच्या बाबतीत खराटा हा केवळ वेषाचा भाग नव्हता. गावात आल्यावर आधी रस्ता झाडायचा आणि रात्री कीर्तन करायचे, या क्रमात देहाने युक्तिवादाचा पहिला भाग आधीच मांडलेला असे. असे हावभाव आरशासमोर उभे राहून शिकता येत नाहीत.

दोन जुनी शास्त्रे

देहबोलीचा विचार पाश्चात्त्य पुस्तकांबरोबर आपल्याकडे आला, हा समजही तपासून पाहावा लागेल. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार आहेत. आंगिक अभिनयात शिराचे १३, दृष्टीचे ३६, एका हाताचे २४ आणि दोन्ही हातांचे मिळून १३ असे भेद मोजलेले आहेत. एवढी बारकाईची मोजणी करणाऱ्या शास्त्रानेही सात्त्विक हा प्रकार वेगळा ठेवला, हे महत्त्वाचे होय. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव मनाच्या एकाग्रतेतून उद्भवतात, नुसत्या अवयवांच्या कवायतीने साधत नाहीत. गंमत अशी की, घाम, कापरा स्वर व थरथर यांना आजची पुस्तके केवळ सभाभीतीची लक्षणे समजतात आणि ती लपविण्याच्या युक्त्या सांगतात. पहिल्यांदाच आपल्या गावच्या दुष्काळाविषयी बोलणाऱ्या मुलाचा स्वर कापला, तर तो भीतीने कापला की विषयाने, हे ओळखणे परीक्षकाचे काम आहे. गुणपत्रकावर दोहोंना एकच शिक्षा होते.

रोमन आचार्य क्विन्टिलियन यानेही आपल्या ग्रंथाच्या अकराव्या खंडात हातांची व बोटांची सविस्तर चर्चा केली आहे. मात्र वक्त्याचा हात शब्दाचे चित्र काढणारा नसावा, तो आशयाला अनुसरणारा असावा, असा त्याचा आग्रह आहे. नट आणि वक्ता यांतील ही सीमारेषा आपल्या स्पर्धांत पुसली गेली आहे. ‘आकाश’ म्हणताना वर, ‘हृदय’ म्हणताना छातीकडे आणि ‘तरुणांनो’ म्हणताना समोर रोखलेली तर्जनी, असा ठरावीक त्रिकोण बहुतेक स्पर्धक काढतात. दर वर्षी विषय बदलतात, त्रिकोण तोच राहतो.

मराठवाड्याचा संदर्भ

येथे थोडे इतिहासात जाणे आवश्यक आहे. निजामी राजवटीत १९२९ च्या गश्ती निशाण ५३ या फर्मानाने पूर्वपरवानगीशिवाय जाहीर सभा घेण्यावर निर्बंध आले. उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा मराठीतून जाहीरपणे बोलणे हीच मुळी एक कृती होती. सप्टेंबर १९४८ नंतर हे निर्बंध गेले, १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले (तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले), १९५८ मध्ये विद्यापीठ आले. ज्यांच्या घरात कोणी कधी व्यासपीठावर चढले नव्हते अशा पिढ्या प्रथमच तेथे उभ्या राहिल्या. त्यांच्यासमोर वक्तृत्वाचा नमुना होता तो कीर्तनाचा, जलशाचा आणि गावच्या पारावरील वादाचा.

या नमुन्यांची देहबोली वेगळी आहे. कीर्तनकार एकटा नसतो. मागे टाळकरी व मृदंगी उभे असतात. तो थांबला की त्याचा विराम ते भरून काढतात, त्यामुळे त्याला शांततेचे भय वाटत नाही. व्यासपीठावर मात्र विद्यार्थी एकटा असतो. विराम त्याला अंगावर येतो आणि तो भरण्यासाठी हात हलू लागतात. अनावश्यक हातवाऱ्यांचे मूळ पुष्कळदा आत्मविश्वासात नव्हे, तर या न पेललेल्या शांततेत असते. तसेच मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणे हा ग्रामीण घरांतील संस्कार आहे, विशेषतः मुलींच्या बाबतीत. परीक्षकांच्या डोळ्यांत न पाहणाऱ्या विद्यार्थिनीला आत्मविश्वास कमी म्हणून गुण कापले जातात. वस्तुतः ती कमी पडलेली नसते, दुसऱ्या शिष्टाचारात वाढलेली असते. तिने श्रोत्यांकडे पाहावयास शिकले पाहिजे, यात वाद नाही. पण ते शिकविण्याचे काम वर्षभर आपण करीत नाही आणि सात मिनिटांत त्याचा दंड मात्र वसूल करतो.

नरहर कुरुंदकरांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. नाट्यशास्त्राचा एवढा व्यासंग असलेल्या या वक्त्याचे बळ अभिनयात नव्हते, पूर्वपक्षाच्या मांडणीत होते. विरोधकाची बाजू इतकी भरभक्कम उभी करावयाची की, आता हे स्वतः काय म्हणणार, अशी श्रोत्याला उत्सुकता वाटावी, आणि मग तिचा एकेक आधार काढून घ्यावयाचा. हा ताण विचारातून निर्माण होतो. स्वर आणि हात त्यामागून येतात. १० फेब्रुवारी १९८२ रोजी याच शहरात व्यासपीठावर असतानाच त्यांचे निधन झाले. येथील वक्तृत्व स्पर्धांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते, पण त्यांची पूर्वपक्षाची रीत क्वचितच ऐकू येते.

मराठी वाक्य आणि आवाज

सादरीकरणाच्या पुस्तकांनी सर्वांत अधिक दुर्लक्ष केले आहे ते मराठीच्या वाक्यरचनेकडे. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकारही बहुधा तेथेच येतो. ‘शिक्षणाने माणूस आपोआप विवेकी होतो असे इतिहास सांगत नाही’ या वाक्यातील सारा अर्थ शेवटच्या शब्दावर टांगलेला आहे. आपले स्पर्धक वाक्याचा आरंभ टिपेला नेतात, मध्यावर श्वास संपतो आणि शेवट गिळला जातो. मागच्या रांगेतील श्रोत्याला त्या वाक्याचा नेमका उलटा अर्थ ऐकू येतो! हातही तसाच, तो पहिल्या नामाबरोबर वर जातो आणि क्रियापद येण्यापूर्वीच खाली पडलेला असतो. श्वास शेवटपर्यंत राखणे आणि नकारापूर्वी किंचित थांबणे, हे मराठी वक्त्याचे पहिले तंत्र मानावयास हवे.

ध्वनिक्षेपकाचेही तसेच. ध्वनिक्षेपक नव्हता तेव्हा दूरच्या श्रोत्यापर्यंत पोहोचण्यासाठी आवाज फेकावा लागे आणि हात मोठे करावे लागत. आज ध्वनिक्षेपक हातभर अंतरावर असतो, तरी स्पर्धकाची शैली त्याच मैदानातील राहिली आहे. परिणामी सभागृहात कर्कशता तेवढी वाढते.

गुणपत्रकाविषयी

हावभावांचा रकाना काढून टाकावा आणि त्याचे गुण विषयप्रतिपादनात मिळवावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याऐवजी ‘आकलनसुलभता’ असा रकाना ठेवता येईल. वाक्याचा शेवट मागच्या रांगेत ऐकू आला काय, विराम अर्थाच्या जागी होता काय, हात आशयाच्या आड आला काय, एवढे तीन प्रश्न त्यात पुरेत. एक परीक्षक व्यासपीठासमोर न बसवता शेवटच्या रांगेत बसवावा. भाषणानंतर दोन मिनिटे प्रश्नोत्तरे ठेवल्यास पाठ केलेला त्रिकोण आपोआप मोडेल, कारण उत्तर शोधणाऱ्या माणसाचे हात सहसा त्याचे स्वतःचे असतात. इशाऱ्याची घंटाही शेवटच्या मिनिटाऐवजी दोन मिनिटे आधी द्यावी. घंटा ऐकताच विद्यार्थी उरलेली वाक्ये एका दमात उरकतो, आणि त्याने सर्वाधिक विचार करून लिहिलेला भाग बहुधा त्यातच असतो.