‘संत तुकाराम’ आणि ‘सावकारी पाश’ : वास्तवाची एक परंपरा

दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाची थोरवी सांगताना त्यातील चमत्कारांवर व विष्णुपंत पागनीसांच्या भक्तिरसपूर्ण अभिनयावरच बहुधा भर दिला जातो. प्रस्तुत लेखकास मात्र त्याचे खरे सामर्थ्य जिजाईच्या संसारात दिसते. आजारी मुलासाठी प्रत्यक्ष विठोबावर वहाण उगारणारी, आणि पती वैकुंठास निघाला असता मुलाबाळांसाठी मागे राहणारी ही स्त्री गौरीबाईंनी अशी उभी केली आहे की, तिच्यामुळे अद्भुतासही संसाराचा आधार लाभतो.

ही वास्तवदृष्टी आली कोठून? दामले व फत्तेलाल हे दोघेही बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरातील ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’त घडले. तेथेच १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट निर्माण झाला. जमीन गमावून शहरातील गिरणीची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा होय. परंतु त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. म्हणून हे ऋण अनुमानानेच मानावे लागते. एक कृती अभिजात ठरली व दुसरी नाममात्र उरली, यात गुणांइतकाच प्रतींच्या जतनाचाही वाटा आहे, हे समीक्षेने विसरता कामा नये.