एकसर की समांतर? गिटारच्या ध्वनिसंस्कारांची सौंदर्यशास्त्रीय समीक्षा

बीजशब्द : गिटार, इफेक्ट्स पेडल, एकसर जोडणी, समांतर जोडणी, तरफ

प्रस्तावना :
इलेक्ट्रिक गिटारला इफेक्ट्स पेडल्स कशी जोडावीत, हा प्रश्न सामान्यतः तांत्रिक समजला जातो. वस्तुतः तो सौंदर्यशास्त्राचाही प्रश्न आहे. मूळ स्वराचे रूपांतर करावयाचे, की तो अबाधित राखून त्यास दुसऱ्या ध्वनीची जोड द्यावयाची, याचा निर्णय या जोडणीत होतो. प्रस्तुत लेखात दोन्ही पद्धतींची याच अंगाने चिकित्सा केली आहे.

दोन पद्धतींचे स्वरूप :
एकसर जोडणीत एका पेडलमधून बाहेर पडणारा संकेत पुढच्या पेडलमध्ये जातो. त्यामुळे क्रमाला निर्णायक महत्त्व येते. डिस्टॉर्शननंतर डिले ठेवल्यास प्रतिध्वनी स्पष्ट उमटतात. क्रम उलटल्यास मूळ स्वर व प्रतिध्वनी यांचे मिश्रणच विरूपित होऊन नादाचा गुंता वाढतो. समांतर जोडणीत मात्र संकेत आरंभीच विभागला जातो. प्रत्येक पेडल मूळ संकेतावरच संस्कार करते आणि शेवटी मिक्सरमध्ये सर्व शाखा एकत्र येतात.

निसर्गातील प्रतिध्वनीही समांतरच असतो. लोणावळ्यानजीकच्या कुरवंडे गावाजवळ नागफणीचा सुळका आहे. अशा एखाद्या कड्यापासून सुमारे १७० मीटरवर उभे राहून हाक दिल्यास ती सोबत्याला थेट ऐकू येते आणि कड्यावरून परतलेली हाक साधारण १ सेकंदाने येते. दुसरी हाक पहिलीला पुसून टाकीत नाही.

भारतीय वाद्यपरंपरेतील साम्य :
हे तत्त्व भारतीय कानाला परके नाही. सतारीच्या तरफांच्या तारा मुख्य तारेबरोबर अनुनादित होतात, मात्र मुख्य तारेचा आघात, मींड व कण स्वतंत्रपणे ऐकू येतात. मिरजेच्या ज्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या नादवैभवातही तरफांचा वाटा आहे. पं. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला तरफा जोडून मोहनवीणा घडविली. राय कूडर यांच्यासमवेतच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेस १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तेथे विजेविना जे साधले, तेच समांतर जोडणी विजेच्या साहाय्याने साधू पाहते.

मर्यादा :
तथापि समांतर जोडणी म्हणजे शुद्धता, हे समीकरण स्वीकारता येत नाही. समान तीव्रतेच्या दोन शाखांत केवळ १ मिलिसेकंदाचे अंतर पडले, तरी ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा कंपनसंख्या परस्परांना छेदून नष्ट होतात आणि नाद पोकळ होतो. एखाद्या पेडलने संकेताची ध्रुवता उलटविल्यास खर्जही क्षीण होतो. मूळ स्वर राखण्यासाठी केलेली योजनाच अशा वेळी त्याचा घात करते.

याउलट एकसर जोडणीतील डिस्टॉर्शन हलक्या व जोरकस आघातांतील भेद कमी करीत असले, तरी गिटारच्या स्वराला दीर्घ आस देते. ही तिची देणगी नाकारता येणार नाही.

निष्कर्ष :
ज्या वादनाचा आशय आघाताच्या सूक्ष्म भेदांत आहे, तेथे समांतर जोडणी अधिक न्याय्य ठरते. जेथे रूपांतर हाच आशय आहे, तेथे एकसर जोडणीच समर्थ होय. म्हणून उपकरणांच्या संख्येपेक्षा मूळ स्वराचे काय झाले, या निकषावर वादनाचे मूल्यमापन व्हावयास हवे. हा निकष कानाचा आहे आणि संगीतसमीक्षेने तो तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होणे उचित नाही.