भट्टी राहू दे

जुनं पाडायचं, हिरवळ अंथरायची, कारंजं बसवायचं, याला आपण बाग म्हणतो. जर्मनीतल्या डुइसबुर्ग शहरात पीटर लाट्स या उद्यानरचनाकाराने तसं केलं नाही, म्हणून त्याचं काम मला मोठं वाटतं. तिथला लोखंडाचा कारखाना १९८५ साली बंद पडला. लाट्सने झोतभट्ट्या ठेवल्या. एकीवर लोक चढून शहर बघतात. आपोआप उगवलेलं रानही ठेवलं. खनिजाच्या कोठारांत बागा केल्या. मालगाड्यांच्या मार्गांवर पायवाटा आल्या आणि कारखान्यामुळे तुटलेल्या वस्त्यांना एकमेकींकडे जायला वाट झाली. तिकीट नाही, रात्रीही खुलं.

तरी एक खटकतं. रंगीत दिव्यांत गंजकं लोखंड फार देखणं दिसतं हो! पण रातपाळीच्या नवऱ्यासाठी अवेळी चूल पेटवणारी बाई त्यात कुठेच नाही.

आमच्या इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ला थांबली. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचे पैसे सुटले ते २०२३च्या डिसेंबरात. मधल्या काळात आवारात झाडं वाढली. त्या जमिनीचा नकाशा काढणाऱ्यांनी आधी परदेशीपुऱ्यात जाऊन यावं. कोणत्या फाटकाशी डबे पोचायचे, हे तिथल्या आज्यांना विचारावं, आणि निदान ती वाट तरी बुजवू नये.