कौशल्य प्रशिक्षणाची सार्वजनिक कंत्राटे : ‘सामायिक निकष, २०१५’ चा चिकित्सक परामर्श

प्रस्तावना :

शासन रस्ता बांधून घेते तेव्हा कंत्राटदाराने काय दिले हे मोजता येते. प्रौढ व्यक्तीला रोजगारक्षम करण्याचे काम कंत्राटाने सोपविले जाते तेव्हा मात्र नेमके काय विकत घेतले जात आहे, हा प्रश्न उभा राहतो. शिकविण्याचे तास, प्रमाणपत्र, की त्या व्यक्तीच्या हाती पडणारे वेतन? केंद्र शासनाने १५ जुलै २०१५ रोजी अधिसूचित केलेले कौशल्य विकास योजनांचे ‘सामायिक निकष’ हे या प्रश्नाला दिलेले अधिकृत उत्तर होय. त्याच दिवशी प्रधानमंत्री कौशल विकास योजनेचाही प्रारंभ झाला. या योजनेविषयीची चर्चा सामान्यतः ‘बोगस संस्था’ आणि ‘ढिले नियंत्रण’ यांभोवती फिरते. प्रस्तुत लेखकाच्या मते दोषाचे मूळ त्याआधीचे आहे. ते मोबदल्याच्या रचनेतच आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

मोबदल्याची रचना :

निकषांनी अभ्यासक्रमांची तीन गटांत विभागणी केली आणि प्रति प्रशिक्षणार्थी ताशी ३८.५०, ३३ व २७.५० रुपये असा मूळ दर ठरविला. ही रक्कम तीन हप्त्यांत द्यावयाची होती : तुकडी सुरू झाल्यावर ३० टक्के, प्रशिक्षणार्थी प्रमाणित झाल्यावर ५० टक्के आणि रोजगाराच्या निष्पत्तीवर उर्वरित २० टक्के. प्रमाणित झालेल्यांपैकी किमान ७० टक्के व्यक्तींना तीन महिन्यांत रोजगार मिळाल्यास शेवटचा हप्ता पूर्ण, ५० ते ६९ टक्क्यांपर्यंत प्रमाणशीर आणि त्याहून कमी असल्यास काहीच नाही, अशी तरतूद होती.

पहिल्या गटातील ३०० तासांचा अभ्यासक्रम घेतला तर मूळ दराने एका व्यक्तीमागे ११,५५० रुपये होतात. त्यापैकी ९,२४० रुपये प्रमाणपत्रापर्यंतच संस्थेच्या पदरात पडतात आणि रोजगारासाठी २,३१० रुपये उरतात. त्या रकमेसाठी उद्योगांचे उंबरठे झिजवायचे, उमेदवाराला मुलाखतीस न्यायचे, पुढे तीन महिने तो कामावर टिकला की नाही हे पाहायचे. त्यापेक्षा पुढची तुकडी भरणे संस्थेला अधिक किफायतशीर ठरते. यासाठी संस्था अप्रामाणिकच असावी लागते असे नाही. तिला केवळ हिशेब करता आला म्हणजे पुरे.

दुसरा मुद्दा निवडीच्या पद्धतीचा आहे. दर आधीच ठरलेला असल्याने मान्यताप्राप्त संस्थांमध्ये किमतीची स्पर्धा राहत नाही. स्पर्धा असते ती प्रशिक्षणार्थींचे लक्ष्य वाटून मिळविण्याची. अशा व्यवस्थेत नफा वाढविण्याचे दोनच मार्ग उरतात : खर्च कमी करणे आणि संख्या वाढविणे. दोन्हींचा भार शेवटी वर्गात बसलेल्या माणसावर पडतो.

फलिताचा पुरावा :

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा या योजनेच्या २०१५ ते २०२२ या काळातील तीन टप्प्यांवरील अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत सादर झाला. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणात व विशेष प्रकल्पांत प्रमाणित झालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के व्यक्तींनाच रोजगार मिळाल्याचे त्यात नमूद आहे. तपासलेल्या ९५.९० लाख सहभागींच्या नोंदींपैकी ९४.५३ टक्के नोंदींत बँक खात्याचा रकाना रिकामा होता किंवा शून्य, ‘लागू नाही’ अशा निरर्थक मजकुराने भरलेला होता. यावरून प्रत्येक नोंद बनावट होती असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. परंतु संस्थेच्या देयकासाठी जी माहिती अनिवार्य नव्हती तिची काळजी कोणी घेतली नाही, एवढे निश्चित म्हणता येते. क्षेत्रीय कौशल्य परिषदांचा आढावा घेणाऱ्या शारदा प्रसाद समितीनेही यापूर्वीच हितसंबंधांच्या संघर्षाकडे आणि संख्यात्मक लक्ष्यांच्या घाईकडे लक्ष वेधले होते.

केवळ रोजगारावर मोबदला देणे हा उपाय आहे काय?

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे सगळी रक्कम रोजगाराशी जोडणे. ब्रिटनने जून २०११ मध्ये सुरू केलेल्या ‘वर्क प्रोग्राम’मध्ये जवळजवळ तसाच प्रयोग झाला. मोबदल्याचा मोठा भाग व्यक्ती कामावर टिकल्यावरच मिळत असे आणि काम मिळणे अधिक कठीण असलेल्या गटांसाठी दरही अधिक होता. तरीही सहज काम मिळू शकेल अशांकडे लक्ष द्यायचे आणि आजारी, अपंग वा दीर्घकाळ बेकार असलेल्यांना नावापुरते नोंदीत ठेवायचे, ही प्रवृत्ती अभ्यासकांना आढळली. अमेरिकेतील १९८२ च्या रोजगार प्रशिक्षण कायद्याखाली लावलेल्या कामगिरीच्या मानकांविषयीही अशीच चर्चा झाली होती. शिवाय संस्थांचा एक आक्षेप रास्त आहे. नोकऱ्या निर्माण करणे प्रशिक्षकाच्या हाती नसते, आणि देयक लांबले की भांडवल नसलेली लहान, स्थानिक संस्था आधी बुडते.

म्हणजेच प्रमाणपत्राची किंमत मोजली तर प्रमाणपत्रे तयार होतात आणि नोकरीची किंमत मोजली तर नोकरी मिळणारच होती अशी माणसे निवडली जातात. दोन्ही प्रकारांत खरा गरजू बाहेर राहतो, कारण करार शासन आणि संस्था यांच्यात असतो. प्रशिक्षणार्थी त्यात पक्षकार नसतो. रोजंदारी बुडवून तीन महिने वर्गात बसणाऱ्या व्यक्तीने घातलेले भांडवल कोणत्याही हप्त्यात धरलेले नाही.

निष्कर्ष :

योजनेच्या चौथ्या टप्प्यात अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाची रोजगाराशी असलेली सांगड सोडण्यात आली. प्रशिक्षितांना आपला मार्ग निवडण्याचे स्वातंत्र्य मिळावे, असे त्याचे समर्थन केले जाते. परंतु अपुऱ्या मोजमापावरचा इलाज मोजमाप सोडून देणे हा असू शकत नाही. त्याऐवजी तीन बदल विचारात घ्यावेत असे वाटते. पहिला, शेवटचा हप्ता वाढवून तो सहा महिने व एक वर्ष टिकलेल्या कामाशी टप्प्याटप्प्याने जोडावा. मात्र आरंभीचा हप्ता लहान संस्थांसाठी कायम ठेवावा. दुसरा, प्रत्येक केंद्राचा निकाल, त्यातील गळतीसह, जाहीर व्हावा. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, प्रशिक्षणार्थीची स्वतंत्रपणे घेतलेली साक्ष ही देयकाची अट असावी : ठरलेले तास झाले काय, यंत्रावर हात बसला काय, काम मिळाले काय आणि किती वेतनाचे?

कौशल्याधारित अभ्यासक्रम आता महाविद्यालयांच्याही दाराशी आले आहेत. उद्या अशा करारांवर आपल्याच संस्था सह्या करतील. तेव्हा करारातील मोबदल्याचे कलम वाचून, हे पैसे नेमके कशाचे, हा प्रश्न विचारणे हे आपले शैक्षणिक कर्तव्य ठरेल.