वेगवान मोटारींच्या आवाजाचे बदलते स्वरूप : पुराव्याकडून रचनेकडे

प्रस्तावना :
मोटारीच्या आवाजाचा विचार प्रायः ध्वनिप्रदूषणाच्या अंगानेच केला जातो. वेगवान मोटारींच्या बाबतीत मात्र आवाज हा त्यांच्या सौंदर्याचा घटक मानला गेला आहे. गेल्या दोन दशकांत त्याचे स्वरूप मूलतः पालटले असून, मुंबईच्या दोन उद्योगसमूहांशी निगडित मोटारींतून हे परिवर्तन स्पष्टपणे अभ्यासता येते.

विवेचन :
चार-स्ट्रोक इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. आठ सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असता सेकंदाला ४०० ज्वलने घडतात. गतीबरोबर चढणारा हा स्वर इंजिनाच्या श्रमाचा पुरावा असतो. जाणकार चालक तो ऐकूनच गिअर बदलतो.

टाटा मोटर्सने २००८ मध्ये जॅग्वार कंपनी खरेदी केली. या कंपनीच्या एफ-टाइप मोटारीत (२०१३-२०२४) एक्झॉस्टमधील झडपा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने उघडत व आवाज मोकळा होई. येथे ज्वलन खरे, पण सादरीकरण योजलेले होते. बीएमडब्ल्यूच्या २०११ च्या एम-५ मध्ये तर इंजिनाचा आवाज स्पीकरमधून ऐकवला गेला. येथे पुरावा आणि सजावट यांतील सीमारेषा पुसली गेली.

महिंद्रने २०१८ मध्ये स्थापन केलेल्या ऑटोमोबिली पिनिनफारिनाच्या ‘बॅटिस्टा’ या विद्युत मोटारीत ज्वलनच नाही. तिचा आवाज ५४ हर्ट्झ या मूळ कंप्रतेवर बेतलेला असून तिची आठपट, म्हणजे ४३२ हर्ट्झ, ‘शुद्ध’ मानण्याची कल्पना विज्ञानापेक्षा जाहिरातीच्या अधिक जवळची आहे. तथापि पेट्रोल इंजिनाची नक्कल टाळण्याचा तिचा प्रयत्न प्रामाणिक ठरतो. चाकण येथे तयार होणाऱ्या ‘बीई ६’ (२०२४) या विद्युत मोटारीचे ध्वनी तर ए. आर. रहमान यांनी रचले. आवाज आता यंत्राचे उपफल राहिलेला नाही. तो संगीतकाराची कृती झाला आहे. साहजिकच त्याचे मूल्यमापनही कृती म्हणूनच व्हावयास हवे. तो गती आणि भार यांविषयी चालकाला काही खरे सांगतो का, हा त्याचा पहिला निकष होय.

निष्कर्ष :
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रत्येक मोटार वाहनास आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर बंधनकारक करतो. त्यामागे इंजिनाचा आवाज अटळ आहे, हे गृहीत आहे. अटळ आवाज काही अंशी क्षम्य होता. ऐच्छिक आवाजाचे उत्तरदायित्व मात्र पूर्णतः रचनाकारावर येते. मंद गतीने येणारी निःशब्द मोटार अंध पादचाऱ्यास धोक्याची ठरते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१९ पासून नव्या विद्युत मोटारींना इशारा-ध्वनी सक्तीचा केला. चालकाच्या अहंकारापेक्षा पादचाऱ्याच्या कानाशी इमान राखणारा आवाजच श्रेष्ठ ठरेल.